उचल घेतलेल्या बोटीची मासळी लिलावात येत नाही



१ जूनपासून बंदी लागते आहे. ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस बोटी वर असतील, जाळी विणायला बसू आणि गप्पा होतील. त्या गप्पांत यंदा एक विषय नक्की असणार, निवडणुकीचा. गोव्याची पुढची विधानसभा निवडणूक २०२७ च्या सुरुवातीला यायची आहे. तेव्हा बंदी लागण्याआधीच आम्हाला जे वाटतं ते इथं लिहितो. पटलं तर पुढं न्या, नाही पटलं तर बैठकीत येऊन तोंडावर सांगा.

मागच्या सर्वसाधारण सभेत गाळाचा विषय निघाला तेव्हा काय झालं ते आठवा. खाडीच्या तोंडावर वाळू साचली आहे. ओहोटीला बोट आत येत नाही. पाणी भरेपर्यंत बाहेर नांगर टाकून बसायचं. तोवर बर्फ विरघळतो, बांगडा नरम पडतो आणि जेटीवर पोचेपर्यंत लिलाव अर्धा संपलेला असतो. ह्या एका कामासाठी सोसायटीनं पाच वर्षांत ११ अर्ज दिले. पोच सगळ्या अर्जांची आहे, उत्तर एकाचंही नाही. सभेत कोणी तरी विचारलं, "आमदार का येत नाहीत?" मागच्या रांगेतून एका जाणत्या तांडेलानं उत्तर दिलं, "येऊन काय करतील? मतं तर मिळतातच की."

सगळे हसले. पण घरी गेल्यावर आम्हाला ते वाक्य टोचत राहिलं.

आपल्या मतदारसंघाचं नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. इथं निकाल आधीच ठरलेला असतो. एकदा-दोनदा चिन्ह बदललं, घर बदललं नाही. पेपरवाले ह्याला बालेकिल्ला म्हणतात, पोरं 'सेफ सीट' म्हणतात. सेफ कोणासाठी? निवडून येणाऱ्यासाठी. आपल्यासाठी नाही.

आपल्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. हंगामाच्या सुरुवातीला ज्या बोटीनं दलालाकडून उचल घेतली, तिची मासळी लिलावात येते का? नाही. ती थेट त्याच्या क्रेटमध्ये जाते आणि दर तोच सांगतो. शेजारच्या बोटीच्या तारलीला चार पैसे जास्त मिळाले तरी आपण गप्प, कारण आपली मासळी आधीच बांधलेली. दलाल वाईट असतोच असं नाही. पण बांधलेल्या मालासाठी कोणी वाढीव बोली लावत नाही, हा बाजाराचा नियम आहे. आपलं मत तसं झालं आहे. सत्ताधाऱ्याला माहीत आहे की ते त्याचंच आहे, म्हणून तो खर्च करत नाही. विरोधकाला माहीत आहे की ते आपल्याला मिळणार नाही, म्हणून तोही इथं चांगला माणूस देत नाही, फक्त चिन्ह उभं करतो. दोघांची मेहनत, पैसा आणि आश्वासनं जातात कुठं? जिथं शंभर-दोनशे मतांचा खेळ आहे तिथं.

म्हणून प्रश्न असा की उचल फेडून मासळी पुन्हा लिलावात कशी आणायची? आमच्या मते त्याचा एक मार्ग आहे चांगला अपक्ष. एकमेव मार्ग नव्हे आणि सोपाही नव्हे. पण विचार करण्यासारखा आहे.

"अपक्षाला मत म्हणजे मत फुकट" असं लगेच म्हणाल. हेच आम्ही उलटं करून बघायला सांगतो. जिथं दोन पक्षांत अटीतटीची लढत आहे, तिथं अपक्षाला दिलेलं मत खरंच महाग पडू शकतं, कारण मतं फुटून नको तो निवडून येतो. पण जिथं निकाल आधीच माहीत आहे, तिथं आपण बिघडवणार काय? जो येणार तो येणारच आहे. तिथं नेहमीच्या चिन्हावर पडलेलं जादा मत खरं फुकट, कारण त्यानं काहीच हलत नाही. अपक्ष हरला, पण त्यानं फरक निम्म्यावर आणला, तर पुढच्या खेपेला दोन्ही पक्ष जेटीवर येऊन गाळ किती फूट साचला ते विचारतील. हरलेल्या मतालाही असा भाव येतो.

आणि गोव्यात मतदारसंघ लहान आहेत हे विसरू नका. ४० जागा, २०२२ च्या निवडणुकीत सुमारे साडेअकरा लाख मतदार होते, म्हणजे एका जागेला सरासरी २९ हजार. २०२२ मध्ये सांत आंद्रेत, झुवारीकाठच्या त्या मतदारसंघात, एका नव्या पक्षाचा उमेदवार ७६ मतांनी निवडून आला. साखळीत खुद्द मुख्यमंत्री ६६६ मतांनी आले. ७६ मतं म्हणजे किती? आपल्या एका वाड्यातली घरं मोजा. भक्कम दिसणारा किल्ला किती जाड आहे ते ढकलल्याशिवाय कळत नाही.

असं कुठं झालंय का, हेही विचाराल. झालंय. आपल्या भागातली कितीतरी पोरं ऑस्ट्रेलियाला आहेत. अशाच एका सभासदाच्या मुलाकडून आम्हाला हे कळलं, मग आम्ही वाचून काढलं.

तिथं व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्येला इंडी नावाचा लोकसभेसारखा मतदारसंघ आहे. शेती, गुरं, लहान गावं. १९३१ पासून तिथं एकाच बाजूच्या पक्षांचे खासदार. रेल्वे रखडत चालायची, मोबाईलला रेंज नाही आणि पोरं शिकायला बाहेर गेली की परत येत नव्हती. २०१२ मध्ये तिथल्या लोकांनी एक साधी गोष्ट केली. उमेदवार शोधण्याआधी घरोघरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती आठ-दहा जणांनी बसायचं आणि विचारायचं, आपल्याला काय हवं आहे? काय चांगलं आहे, काय बिघडलं आहे? ते लिहून काढलं आणि खासदारांपुढं ठेवलं. समाधान झालं नाही तेव्हा आपल्यातलीच एक बाई, शेती सल्लागार कॅथी मॅकगोवन, अपक्ष उभी केली. २०१३ मध्ये ती ४३९ मतांनी जिंकली. त्याच निवडणुकीत देशभर सत्ता तिनं हरवलेल्या खासदाराच्या पक्षाकडे गेली होती. म्हणजे वारं एकीकडे आणि इंडी दुसरीकडे. २०१६ मध्ये ती पुन्हा आली. २०१९ मध्ये ती थांबली आणि तिच्या जागी हेलन हेन्स ही पूर्वाश्रमीची नर्स, तीही अपक्षच, निवडून आली. जागा माणसाची नव्हती, लोकांची झाली होती. आमच्या मते ह्या गोष्टीतलं खरं यश हे आहे.

दुसरं उदाहरण माशांचं आहे. न्यू साऊथ वेल्स राज्यात बार्वन नावाचा विधानसभा मतदारसंघ आहे, तोही ग्रामीण आणि १९५० पासून एकाच पक्षाकडे. २०१८ च्या डिसेंबरात आणि २०१९ च्या जानेवारीत तिथं मेनिंदी गावाजवळ डार्लिंग नदीत लाखो मासे मरून तरंगले. नदीचं पाणी वरच्या बाजूला शेतीसाठी किती उचललं जातं, त्याचा हिशोब कोण ठेवतो, ह्यावरून लोक आधीच तापले होते. मार्च २०१९ मध्ये त्यांनी सत्तर वर्षांची सवय मोडली आणि एका लहान पक्षाच्या रॉय बटलरला निवडून दिलं. पुढं त्यानं तो पक्षही सोडला आणि २०२३ मध्ये अपक्ष म्हणून पुन्हा जिंकला. पण खरं ते सगळं सांगायचं तर हेही सांगतो की २०२३ च्या मार्चमध्ये त्याच ठिकाणी पुन्हा लाखो मासे मेले. आमदार बदलला म्हणून नदी लगेच बरी होत नाही. एवढंच होतं की विधानसभेत त्या माशांबद्दल बोलणाऱ्याला आधी पक्षाची परवानगी घ्यावी लागत नाही.

तिथली एक गोष्ट आपल्याकडे नाही, तीही लक्षात ठेवा. तिथं मतदार पसंतीक्रम देतो, १, २, ३ असा. मॅकगोवन पहिल्या पसंतीच्या मतांत मागे होती, इतरांची पुढची पसंती मिळून ती वर आली. आपल्याकडे एकच बटण. म्हणून आपल्याकडे चार अपक्ष उभे राहिले की चौघांचं डिपॉझिट गेलं आणि किल्ला आणखी भक्कम झाला.

ह्याचा धडा आपल्या शेजारीच मिळतो. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत नळगोंड्यात ४८० उमेदवार उभे राहिले, फ्लोराईडच्या पाण्यानं हाडं वाकलेल्या लोकांचं दुःख देशाला दिसावं म्हणून. त्याच वेळी बेळगावात सीमाप्रश्नासाठी ४५६ उमेदवार होते. मतपत्रिकेचं पुस्तक झालं. देशानं बघितलं हे खरं. पण निवडून आलेला माणूस त्यातून मिळाला नाही. उलट कायदा कडक झाला. लोकसभेचं डिपॉझिट ५०० रुपयांवरून १० हजारांवर गेलं आणि अपक्षाला एकाऐवजी १० सूचक लागू लागले. राग शेकडो ठिकाणी वाटला की तो राग राहतो, ताकद होत नाही. रांपण ओढताना सगळे एकाच दोरीला लागतात म्हणून जाळं किनाऱ्याला येतं.

काही जण म्हणतात, मग नोटा दाबू. २०१३ पासून ते बटण आहे. पण नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी विधानसभेला त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. नोटा म्हणजे लिलावाला येऊन बोली न लावता घरी जाणं. बहिष्काराचंही तसंच.

आता दुसरी बाजू. अपक्ष म्हणजे धुतल्या तांदळासारखा, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. गोव्यानं अपक्ष भरपूर बघितले आहेत. २०१७ मध्ये काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा होत्या, बहुमताला २१ लागत होते. तीन अपक्ष निवडून आले होते, पर्वरी, प्रियोळ आणि सांग्यातून. तिघांनी सरकारला पाठिंबा दिला, दोघे मंत्री झाले. त्यांची किंमत होती, कारण गरज होती. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १० आमदार भाजपमध्ये गेले, गरज संपली आणि त्या दोघांपैकी एकाला मंत्रिपदावरून काढलं गेलं. पुढं २०२२ च्या निवडणुकीआधी त्या दोघांनीही राजीनामा दिला आणि भाजपमध्ये प्रवेश केला. २०२२ मध्ये भाजप २० वर थांबला, बहुमताला एक कमी. पुन्हा तीन अपक्ष आले आणि तिघांनीही सरकारला पाठिंबा दिला.

ह्यात आम्ही कोणाला नावं ठेवत नाही. सरकारला पाठिंबा देऊन मतदारसंघाची कामं करून घेणं हा गुन्हा नाही. पण पाठिंब्याच्या बदल्यात काय घेतलं, ते मतदाराला कोणी विचारलं होतं का? तिथं घोडं अडतं. अपक्षाची बोट पक्षाच्या दोरखंडाला बांधलेली नसते. मग ती कोणाच्या दोरखंडाला बांधायची? आपल्या बांधली नाही तर ती वाहत जिकडं वारं तिकडं जाणार.

कायद्यातली एक गोष्ट मात्र बहुतेकांना माहीत नसते. पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे. त्याप्रमाणे अपक्ष म्हणून निवडून आलेला आमदार नंतर कुठल्याही पक्षात गेला तर त्याची आमदारकी जाते. बाहेरून पाठिंबा देता येतो, पण प्रवेश करता येत नाही. पक्षाच्या आमदारांना मात्र दोन तृतीयांश एकत्र झाले की विलीनीकरण म्हणून वाट मोकळी. २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ गेले. म्हणजे "पक्षाचा माणूस भरवशाचा आणि अपक्ष पळणारा" हे गोव्यात तरी खरं नाही. पळायचं तर दोघेही पळतात. अपक्षाला निदान राजीनामा देऊन पुन्हा तुमच्या दारात यावं लागतं.

म्हणून आमचं म्हणणं उमेदवारापासून सुरू होत नाही, आपल्यापासून सुरू होतं. बंदीच्या ६१ दिवसांत पुढची कामं करू या.

पहिलं, प्रत्येक वाड्यात दहा-बारा घरांची बैठक. पुरुष जेटीवर बोलतात, बायका बाजारात बोलतात, म्हणून दोघांनाही एकत्र बसवा. मासळी बाजारातल्या शेड आणि शौचालयाचा प्रश्न आमच्या सभेत पुरुषांनी आजवर एकदाही काढलेला नाही, हे कबूल करतो.

दुसरं, मागण्यांची एक यादी, पाचपेक्षा जास्त नको. गाळ कधी काढणार, डिझेल सबसिडी किती दिवसांत खात्यात येणार, केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातलेली एलईडी आणि बुल ट्रॉलिंगची मासेमारी रात्री कोण तपासणार. प्रत्येकाला तारीख. "प्रयत्न करू" हे उत्तर चालणार नाही.

तिसरं, शेजाऱ्यांना बरोबर घ्या. मच्छीमार एकटे २९ हजारांत किती? खाजन शेतीवाल्यांचे बांध फुटताहेत, मानशी मोडल्या आहेत, काजू बागायतदारांची वेगळी रड आहे, टॅक्सीवाल्यांची वेगळी. त्यांची मागणी आपल्या यादीत असेल तरच आपली त्यांच्या यादीत येईल. फक्त जेटीचा उमेदवार जेटीवरच हरेल.

चौथं, ती यादी आधी विद्यमान आमदारांकडे आणि सगळ्या पक्षांकडे न्या. एखाद्यानं लिहून, तारखा घालून, सही करून दिली, तर उत्तम. आमचं कोणाशी वैर नाही. अपक्ष हे साधन आहे, नवस नव्हे.

पाचवं, कोणीच सही केली नाही तर मग एकच अपक्ष, आणि तो अर्ज भरण्याच्या दिवशी नव्हे, पावसाळ्यातच ठरलेला. त्याच्याकडून आपण लिहून घ्यायचं: सरकार बनवताना पाठिंबा कोणाला, हे उघड सभेत ठरेल. दर तीन महिन्यांनी जेटीवर येऊन हिशोब देईल. निवडणुकीचा पैसा पावती फाडून जमवला जाईल, एकाच मोठ्या माणसाकडून नाही, नाहीतर तीही उचलच झाली.

खर्चाचं भय वाटतं ते बरोबर आहे. गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराला २८ लाखांपर्यंत खर्चाची मुभा आहे. डिपॉझिट १० हजार, मिळालेली मतं एक षष्ठांशापेक्षा जास्त नसतील तर ते जप्त. चिन्ह शेवटच्या दिवसांत मिळतं, मशीनवर नाव पक्षवाल्यांच्या खाली येतं. हे सगळं अवघड आहे. पण २९ हजारांच्या मतदारसंघात पायी फिरून प्रत्येक दार गाठता येतं. लोकसभेला हे जमणार नाही, विधानसभेला जमतं.

"सोसायटीनं राजकारण करू नये" असं काही सभासदांनी आधीच कळवलं आहे. त्यांचं बरोबर आहे. सोसायटीत सगळ्या पक्षांचे लोक आहेत आणि बर्फ, डिझेल नि क्रेट देताना आम्ही कोणाचा झेंडा विचारत नाही, विचारणारही नाही. सोसायटी कोणाला उभं करणार नाही, कोणाचा प्रचार करणार नाही, सोसायटीच्या पैशातला एक रुपया तिकडं जाणार नाही. वाड्यांतल्या बैठका तुम्ही नागरिक म्हणून घ्यायच्या. पण ११ अर्ज फाईलला लावून बारावा लिहिताना आमचा हात अडखळतो. सभासदांच्या मताला किंमत नसेल तर सोसायटीच्या अर्जाला कुठून येणार?

कदाचित आपला अपक्ष हरेल. कदाचित कोणी उभाच राहणार नाही आणि विद्यमान आमदारच येऊन यादीवर सही करतील. तसं झालं तरी आम्ही जिंकलो असं समजू. भाव फुटायला दुसरी बोली लागते, मग माल कोणीही घेवो.

नारळी पौर्णिमेला दर्यादेवाला नारळ देताना आपण मासळी मागतो, वारं बरं ठेव म्हणून मागतो. गाळ काढ म्हणून मात्र त्याला सांगता येत नाही. ते ज्याला सांगायचं त्याला आपण इतकी वर्षं काही विचारलंच नाही.

पहिली बैठक बंदी लागल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी चार वाजता, जाळी विणायच्या मांडवात. सगळ्यांनी यावं. विरोधात बोलायचं असेल त्यांनी तर नक्की यावं.

— सचिव, आपली सोसायटी